ज्याचा हेवा, त्याचीच वकिली

मी त्या माणसाचा हेवा करतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढं मी त्याच्याविषयी चार चांगले शब्द बोललो तर ते प्रेमापोटी बोललो असा कुणाचा गैरसमज व्हायला नको. प्रेम वगैरे काही नाही. तो मैदानाच्या फाटकातून आत येताना दिसला की आजही मी चहाच्या ग्लासात तोंड घालतो, आणि तो हसून 'काय दाजी' म्हणाला की तो चहाही कडू लागतो.

तो आमच्या तालमीचा फुटबॉल कोच. कोल्हापुराबाहेरच्या माणसाला तालीम म्हटलं की लाल मातीचा हौदा आणि लंगोट आठवतो. हौदा आमच्याकडंही आहे, मारुती आहे, मुदगल आहेत. पण पेठेचा जीव अडकलाय तो फुटबॉलमध्ये. तालमीच्या नावानंच संघ उतरतो, आणि समोरच्या पेठेशी मॅच असली की त्या दिवशी घराघरात दुपारचं जेवण गार होतं. तालमीच्या भिंतीवर जुन्या संघांचे फोटो आहेत. त्यातल्या एका फोटोत मधोमध, मांडीवर चेंडू घेऊन बसलेला, केस मानेपर्यंत वाढवलेला तो मी.

मी सेंटर फॉरवर्ड होतो. माझे वडीलही फॉरवर्डच. पेठेत आमच्या घराला 'फॉरवर्डचं घर' असंच म्हणायचे. पुढं गुडघा गेला, मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत चिकटलो आणि आता तिथं सुपरवायझर आहे. पण संध्याकाळी पाय तालमीकडंच वळायचे. जुन्या कोचनं सोडलं तेव्हा कट्ट्यावर जो तो मला म्हणायला लागला, "आता तूच की रं. दुसरं कोण हाय?" मी तोंडानं नको नको म्हणत होतो आणि गुपचूप जाऊन शिट्टी घेऊन आलो होतो. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. माझा तर गुडघाही धड नव्हता.

आणि एका रविवारी वस्ताद एका किरकोळ माणसाला घेऊन तालमीत आले. वस्ताद म्हणजे तालमीचे प्रमुख. तरुणपणी त्यांनी नावाजलेल्या कुस्त्या केल्या, आता वय झालंय, पण त्यांचा शब्द अजून खाली पडत नाही. म्हणाले, "हे आपलं नवीन कोच. गडहिंग्लजचं हायेत."

बुटका, अंगानं वाळका, अर्ध्या बाह्यांचा शर्ट पँटीत खोचलेला. माझ्यापेक्षा निदान दहा वर्षांनी लहान. गडहिंग्लजलाही फुटबॉलचं वेड आहे, आमच्याइतकंच आहे, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "गडहिंग्लजहून मिरची आणावी माणसानं. कोच कशाला?" पोरं हसली. तोही हसला. त्याच्या त्या हसण्याचाच मला पहिला राग आला.

मग त्यानं बोलायला सुरुवात केली. आवाज एवढा हळू की मागची माणसं पुढं सरकून बसली. म्हणाला, "मला चार वर्षं द्या. पहिली दोन आपण मार खाऊ. शिव्या मला घाला, पोरांना घालू नका." कोल्हापुरात असं बोलायची पद्धत नाही. इथं नवा कोच येतो तो 'यंदा गुलाल आपलाच' म्हणत येतो. मार खाऊ असं सांगून काम मागणारा माणूस आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. वस्ताद म्हणाले, "दिली." बाकीच्यांनी एकमेकांकडं बघितलं.

पहिल्याच महिन्यात त्यानं बाहेरून आणलेले सगळे खेळाडू बंद केले. हल्ली सगळेच संघ आणतात. कुणी गोव्याहून, कुणी बंगालातून, कुणी थेट आफ्रिकेतून. सीझनपुरते येतात, गोल मारतात, निघून जातात. त्यांच्या जागी त्यानं आमच्याच गल्ल्यांतली पोरं घेतली. दूधवाल्याचं, गॅरेजवाल्याचं, शिंप्याचं. आमचे स्वतःचे दोन नावाजलेले फॉरवर्ड रागावून नोंदणीच्या आधी समोरच्या पेठेकडं गेले, तर ह्यानं त्यांना अडवलंसुद्धा नाही. नोंदणीच्या आधी खेळाडू अडवण्यासाठी इथं लोक रात्र रात्र दारात बसतात. ह्यानं त्यांना निरोपाचा चहा पाजला.

आणि माझ्या थोरल्याला त्यानं लेफ्ट बॅक केलं.

हे ज्याला कळणार नाही त्याला कसं सांगू? पोरगा एकोणीस वर्षांचा, माझ्यासारखाच डाव्या पायाचा, फॉरवर्डच्या घरातला. त्याला माझा नंबर मिळावा म्हणून मी लहानपणापासून जीव टाकला होता. आणि ह्या पाहुण्यानं आठ दिवसांत त्याला नेऊन मागं उभा केला, चेंडू अडवायला. मी घरी आदळआपट केली. पोरगं शांतपणे म्हणालं, "सर म्हणतात, तिथनं मला सगळं मैदान दिसतं." सर म्हणतात! ह्या पोरानं मी सांगितलेलं एक वाक्य कधी असं तोंडपाठ केलं नव्हतं.

पोरगं गेलं ते गेलं, बायकोही गेली. ती माहेरची गडहिंग्लजकडची. मी खेळत होतो तेव्हा एकदाही मॅच बघायला आली नव्हती. म्हणायची, "एका चेंडूमागं एवढी माणसं पळत्यात, त्यात बघायचं काय?" ह्या माणसानं पोरांच्या आयांना एका संध्याकाळी तालमीत बोलावलं. बायका तालमीच्या पायरीवर बसल्या, आणि त्यानं त्यांना पोरांना काय खायला घालायचं, कधी झोपवायचं, हरून आल्यावर काय बोलायचं नाही, हे सांगितलं. जाताना आमच्या हिनं विचारलं, "कुठलं तुमी?" दोघांची गावं शेजारशेजारची निघाली. तो म्हणाला, "मग तुम्ही माझ्या अक्काच की." झालं. ती अक्का झाली, मी दाजी झालो, आणि ज्याच्या नावानं मी बोटं मोडत होतो तो माझा मेहुणा होऊन बसला. दिवाळीत भाऊबीजेला हिनं त्याला पाटावर बसवून ओवाळलं. मला ताम्हन धरायला लावलं. पुढच्या सीझनला ही बाई गॅलरीत बसून बाजूच्या बाईला ऑफसाइड समजावून सांगत होती, आणि बरोबर सांगत होती. वीस वर्षांच्या संसारात तिनं मला ऑफसाइड कधी विचारलं नव्हतं. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते उगाच नाही.

घरात ही तऱ्हा, बाहेर वेगळीच. पहिल्या सीझनमध्ये संघानं सडकून मार खाल्ला. मी संध्याकाळी दूध कट्ट्यावर गेलो, तिथं समोर म्हैस पिळून फेसाळ दुधाचा ग्लास हातात देतात, तर समोरच्या पेठेतला एकजण म्हणाला, "दोन ग्लास द्या ह्यास्नी. ह्यांची पोरं दुबळी झाल्यात." मी खाली मान घालून दूध प्यालो. आतून मात्र, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. पेठ हरत होती, आणि मला त्या हरण्यात माझं जिंकणं दिसत होतं. अजून एक असाच सीझन गेला की ह्याला गडहिंग्लजची एसटी दाखवतील, अशी माझी खात्री होती.

त्याच्या चुका गोळा कराव्यात म्हणून मी तो आल्यापासूनच रोज सकाळी कंपनीच्या बसच्या आधी मैदानावर जात होतो. भिंतीला टेकून उभा राहायचो, हातात टपरीवरचा चहा. सासू नव्या सुनेच्या भाकरीकडं बघते तसा मी त्याच्या प्रॅक्टिसकडं बघायचो. आणि चुकाच चुका दिसत होत्या. दोन महिने त्यानं कुणाला गोलात चेंडू मारूच दिला नाही. नुसते पास. उजव्या पायाच्या पोरांना डाव्यानं, डाव्या पायाच्यांना उजव्यानं. आणि मागं पास! आमच्या मैदानावर मागं पास देणं म्हणजे भ्याडपणा. गॅलरीतून एकच ओरड उठते, "फुडं मार की लेका!" मी आयुष्यभर त्या ओरडण्यावर पळालो. हा माणूस पोरांना मागं पास द्यायला शिकवत होता.

मग एका सकाळी मी चहाचा घोट घ्यायचा विसरलो. पोरं आपसात खेळत होती. आमच्या बाजूनं चेंडू मागं गेला, आणखी मागं गेला, पार गोलकीपरपर्यंत गेला. समोरची पोरं त्या चेंडूच्या आशेनं पुढं पुढं ओढली गेली. आणि त्यांच्या पाठीमागं मैदान मोकळं पडलं. गोलकीपरनं चेंडू माझ्या थोरल्याकडं सरकवला, आणि त्यानं मान वर करून त्या मोकळ्या जागेत असा लांब पास दिला की पळणाऱ्या पोराला पायसुद्धा वाकडा करावा लागला नाही. असा पास मी माझ्या सगळ्या खेळण्यात एकदाही दिला नव्हता. मला अशी जागा कधी दिसलीच नव्हती. मी फक्त गोल बघत होतो. त्या दिवशी माझी बस चुकली आणि मला माझ्याच पोराचा हेवा वाटला.

त्यानंतर मी रोज गेलो, पण बघण्यात फरक पडला. एक गोष्ट मला खात होती. तो ओरडायचा नाही. इथल्या कोचची आईबहिणीवरून शिवी दोन पेठा ओलांडून जाते. हा चुकलेल्या पोराला जवळ बोलवायचा, खांद्यावर हात टाकायचा आणि कानात काहीतरी बोलायचा. पोरगं मान हलवून पळत जायचं आणि पुढच्या वेळेला नीट खेळायचं. काय सांगतो हा कानात? मी थोरल्याला विचारलं. तो म्हणाला, "काय सांगत न्हाईत." मला वाटलं पोरगं लपवतंय. दुसऱ्या वर्षी एकदा तो एका पोराला घेऊन भिंतीजवळच उभा होता तेव्हा मला ऐकू आलं. शिंप्याच्या पोराचा पास चुकला होता. कोच त्याच्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "तुला तिथनं काय दिसलं?" एवढंच. पोरगं सांगत राहिलं, तो ऐकत राहिला, आणि शेवटी म्हणाला, "बरोबर हाय तुझं. पुढच्या वेळी जरा लवकर बघ."

मी बारा वर्षं खेळलो. पळ म्हणाले, मार म्हणाले, मेला काय रं म्हणाले. तुला तिथनं काय दिसलं, असं मला एकाही कोचनं विचारलं नाही. मी बराच वेळ भिंतीला टेकून राहिलो. तोवर मला वाटायचं की मी ह्या माणसाच्या जागेचा हेवा करतोय. त्या दिवशी कळलं, मी त्या पोरांचाही करतोय. शिंप्याच्या पोराचाही करतोय. मला एकोणिसाव्या वर्षी असा माणूस मिळाला असता तर, हा विचार फार वाईट. तो एकदा शिरला की अन्न गोड लागत नाही.

दुसऱ्या सीझनला आम्ही सेमीफायनलला समोरच्या पेठेकडून टायब्रेकरवर हरलो. त्यातल्या दोन पेनल्टी आम्हाला सोडून गेलेल्या त्या दोघांनीच मारल्या. पेठेत चिडीचूप. पलीकडं फटाके, हलगी, गुलाल. आपल्याकडचे सगळे निकाल बघायला आले होते आणि त्यांना निकाल दिसला. मी त्याला पडताना बघायला आलो होतो, म्हणून मला बाकीचंही दिसलं. शेवटच्या अर्ध्या तासात पलीकडचे बाहेरून आणलेले खेळाडू कमरेवर हात ठेवून उभे होते आणि आमची गल्लीतली पोरं पळत होती. पहिल्या वर्षी ह्याच संघापुढं ह्याच पोरांना मैदानाच्या अर्ध्यापलीकडं जाता येत नव्हतं.

रविवारी संध्याकाळी तालमीत बैठक बसली. ज्याच्याविषयी बैठक तो समोर बसत नाही, अशी आमच्याकडं रीत आहे. म्हणून तो गावी गेला होता. पोरांनाही बाहेर ठेवलं होतं. विषय एकच, कोच ठेवायचा की बदलायचा. बदलायचा म्हणजे ही गल्लीतली पोरं घरी आणि पुन्हा सीझनपुरते पाहुणे.

एकेकजण बोलत गेला. कमिटीतले एक किराणावाले घसा खाकरून म्हणाले, "पावण्याचा लई लाड झाला. बाहेरची चार पोरं आणू आणि कोच आपल्यातलाच करू. माणूस हाय की आपल्याकडं." सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. काय सांगू, अंगातून गरम वारं गेलं. ज्या घटकेची एवढी वर्षं वाट बघितली ती समोर पाटावर येऊन बसली होती. मी चेहरा गंभीर ठेवायचा प्रयत्न करत होतो. मला नुसतं गप्प बसायचं होतं. बाकी सगळं आपोआप होणार होतं.

तेवढ्यात किराणावाले म्हणाले, "दोन वर्सं काय केलं त्यानं? काय न्हाय. पोरास्नी घेऊन नुसता फिरला."

आणि माझं डोकं फिरलं. काय न्हाय? ज्या माणसासाठी मी दोन वर्षं रोज सकाळी जळलो, ज्याच्यापायी माझी झोप, माझी बस, माझ्या घरातली माझी किंमत गेली, तो काय न्हाय? मग मी काय वेडा म्हणून जळलो? काही नसलेल्या माणसाचा कुणी हेवा करतं का? मी उठून उभा राहिलो.

"तुमी कवा बगितलासा?" मी म्हणालो. "एक तरी दिवस सकाळी आलतासा मैदानावर? मी रोज जातोय. त्यो पडावा म्हणून जातोय, हे हितल्या सगळ्यास्नी म्हाईत हाय. मी सांगतो काय केलं ते."

आणि मी सांगितलं. मागं पास का देतात ते सांगितलं. शिंप्याचं पोरगं आता दोन्ही पायांनी खेळतं हे सांगितलं. "समोरच्यांची बाहेरची पोरं सीझन संपला की आपापल्या गावाला जात्यात. आपली अकराच्या अकरा हितंच हाईत, फुडं धा वर्सं हाईत. घर बांधताना जोत्यापतूर आलं की मोडायचं, आणि परत म्हणायचं घर का हुईना? त्यानं चार वर्सं मागितलीती, आपुन दिली म्हटलं. मग दोन राहिल्यात की."

मग कोपऱ्यातून एक आवाज आला, "मेव्हणा हाय न्हवं, म्हणून पुळका आलाय." तालीम हसली. ताम्हन धरलेलं सगळ्या पेठेला माहीत होतं. माझ्या वकिलीतली हवाच गेली. मेहुण्यासाठी कोण बोलत नाही? विषय तिथंच संपला असं मला वाटलं.

वस्तादांनी हात वर केला. म्हणाले, "मेव्हणा असूंदे, पर बोलतोय ते खरं हाय. पोरं तयार हुयाला लागल्यात. मग आसं करूया. ह्याला सगळं म्हाईत झालंय. पोरंबी तीच ठेवूया, पद्धतबी तीच. कोच ह्यालाच करूया. पावण्याला नारळ देऊया. काय रं?"

हे मी धरलंच नव्हतं. पोरं राहणार होती. माझा पोरगा राहणार होता. शिवाय पद मला मिळणार होतं. आणि माझ्या एकट्याच्याच ध्यानात येत होतं की असं केलं तर सगळं मोडेल. कारण सोमवारी सकाळी शिंप्याच्या पोराचा पास चुकला की मी काय करणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी शिवी देणार. मला दुसरं काही येत नाही. मला बघता येतं, करता येत नाही. रोज दोन वर्षं बघून एवढं तरी मला कळलं होतं. आता त्या माणसाला ठेवायचं तर बोलायला एकच गोष्ट उरली होती.

"न्हाय," मी म्हणालो. "मला जमणार न्हाय."

"म्हंजे? कामामुळं?" वस्तादांनी विचारलं.

"काम न्हाय, येळ न्हाय, काय न्हाय. मला त्यो करतोय तसं जमणार न्हाय. त्योच पायजे."

बोलून झालं आणि मी उभाच राहिलो. फोटोतला तो लांब केसांचा पोरगा मांडीवर चेंडू घेऊन माझ्याकडं बघत होता. आता कुणीतरी बोलणार, मी वाट बघत होतो. असं कसं म्हणतोस, तुला आणि जमणार न्हाय? फॉरवर्डच्या घरचा तू. ह्या भिंतीखाली बसलेल्या निम्म्या लोकांनी मला खांद्यावर घेऊन मिरवलंय. एकानं तरी म्हणायचं. त्यावर मी पुन्हा नाहीच म्हणणार होतो, पण म्हणायला काय जातं?

किराणावाल्यांनी मान डोलावली. शेजारच्यानं डोलावली. बघता बघता सगळ्या तालमीनं डोलावली, जणू मी पाऊस पडतोय असं काहीतरी सांगितलं होतं. वस्ताद म्हणाले, "बरं झालं तूच बोललास. मग ठरलं. पावणं राहतील." कुणीतरी चहा सांगितला.

घरी आलो तर ही भाकरी थापत होती. पोरगं जिन्यात उभं राहून कान देत होतं. मी म्हणालो, "ठेवला तुझ्या भावाला." तिनं देवाकडं बघून पिठाचेच हात कपाळाला लावले. मग बैठकीत काय काय झालं ते विचारलं. मी सगळं सांगितलं, मला कोच करत होते तेही सांगितलं, आणि मी काय म्हणालो तेही सांगितलं. जमणार न्हाय, असं म्हणालो. मग थांबलो.

ती भाकरी उलटत म्हणाली, "मग खरं तेच बोललासा की," आणि भावाला सांगायला पोराकडून फोन मागवला.

वीस वर्षं भाकरी खाल्ली ह्या बाईच्या हातची. तिनं तरी 'असं कसं' म्हणायचं होतं.